ऑडी टीटी घ्यायची आहे: १४ हजार किमी आणि पहिला मालक, की ५२ हजार किमी आणि तिसरा मालक?

मांजलपूरकर

नमस्कार मंडळी. कॉलेजात होतो तेव्हापासून ही स्पोर्ट्स गाडी डोक्यात आहे. नवी घेण्याचा प्रश्न उरलेला नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात टीटीचं उत्पादनच थांबलं, आणि नवी मिळत होती तेव्हा ती साठ लाखांच्या वर होती. मकरपुरा जीआयडीसीतल्या नोकरीतून इतकी वर्षं बाजूला टाकलेले पैसे आता जुन्या गाडीपर्यंत पोचतायत. घरात दुसरी साधी गाडी आहे, त्यामुळे रोजच्या ऑफिसला ही लागणार नाही. पण शोपीस म्हणून झाकून ठेवायलाही घेत नाहीये. रविवारी पहाटे एक्सप्रेसवेने अहमदाबाद, कधी भरूच, कधी केवडिया, असं चालवायचं आहे.

दोन गाड्यांवर गाडी अडली आहे. दोन्ही दोन लिटर पेट्रोल, २३० पीएस, क्वाट्रो (म्हणजे चारही चाकांना ताकद).

पहिली २०१५ ची, इथली बडोद्याचीच, जीजे-०६ पासिंग. पहिला मालक, १४ हजार किमी. मालक वयस्कर आहेत, अकोट्याला राहतात. मुलगा परदेशी गेल्यापासून गाडी सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभीच असते. मागणी २४ लाख.

दुसरी २०१६ ची, पुण्याची. ५२ हजार किमी, आरसीवर मालक क्रमांक तीन. मालक आयटीत आहेत, फोनवर मोकळेपणाने बोलले, सर्व्हिसची बिलं पाठवली. मागणी २१ लाख.

बाबा म्हणतात यात विचार काय करायचा, कमी चाललेली आणि एका हातातली घे. मलाही तसंच वाटत होतं. पण अकोट्याची गाडी पाहून आलो तेव्हापासून मन थोडं डळमळलं आहे. कारण नीट सांगता येत नाही. गाडी चकाचक आहे, टायरसुद्धा नवे आहेत. जाणकारांनी सांगावं.

जुन्या_गाड्या_बडोदे

मी वापरलेल्या गाड्यांच्या धंद्यात आहे, म्हणून विकण्याच्या बाजूने बोलतो. तिसऱ्या मालकाची घ्याल तर तुम्ही चौथे. उद्या विकायला काढाल तेव्हा फोन करणारा माणूस पहिला प्रश्न "कितवा मालक" हाच विचारणार, आणि चार ऐकून निम्मे लोक फोन ठेवणार. कर्ज देणाऱ्यांचेही चौथ्या मालकाच्या स्पोर्ट्स गाडीला आढेवेढे असतात. पहिल्या मालकाच्या गाडीला तीन लाख जास्त पडतायत ते विकताना बऱ्यापैकी परत येतील. तुमचे बाबा बाजाराची रीत बरोबर सांगतायत.

सर्व्हेअर_दांडिया_बाजार

वाहन विम्याचे सर्व्हे करण्यात माझी हयात गेली, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना. तू वयाने माझ्या मुलाएवढा दिसतोस, अरे-तुरे करतो.

वरच्या भाऊंचं बाजाराबद्दलचं म्हणणं खरं आहे. पण तू गाडी विकायला घेत नाहीयेस, चालवायला घेतोयस. म्हणून मी पहिल्या गाडीबद्दल आधी एकच विचारतो: २०२४ च्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ती कुठे उभी होती? "अकोट्याला तळघरातल्या पार्किंगमध्ये" हे तू सहज लिहून गेलास, मी तिथेच थांबलो. पूर आला होता, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर चढली होती. अकोटा, मुजमहुडा, समा, फतेगंज, सगळीकडे तळघरं भरली होती. ज्यांना वेळेवर कळलं त्यांनी गाड्या उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या. ज्या घरात चालवणारंच कोणी नव्हतं त्यांच्या गाड्या खालीच राहिल्या. आणि २०१५ ची गाडी म्हणजे तिने ३१ जुलै २०१९ चा पाऊसही पाहिला आहे, एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पडला होता.

पाण्यात गेलेल्या गाडीचं पुढे काय होतं ते लोकांना ठाऊक नसतं. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, गाडी लिलावात जाते, कोणीतरी ती धुऊन-पुसून, वायरिंग जोडून परत उभी करतो. खर्च त्याहून कमी निघाला तर दुरुस्त होऊन ती त्याच मालकाकडे राहते. तेव्हा आरसीवर पहिला मालकच असतो आणि मीटरवर १४ हजारच. दोन्ही आकडे शंभर टक्के खरे, आणि तरीही गाडीबद्दल ते तुला काहीच सांगत नाहीत.

तुझ्या वाक्यातली दुसरी गोष्ट: टायर नवे आहेत. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३९२४ म्हणजे २०२४ चा एकोणचाळिसावा आठवडा. १४ हजारांत टायर झिजत नाहीत. वय झालं म्हणून बदलले असतील तर उत्तमच, ते करायलाच हवं. पण तारीख पुरानंतर लगेचची असेल तर सोबत आणखी काय काय बदललं ते विचार. बॅटरी, कार्पेट, मागच्या डिकीचं अस्तर.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो, ही कोणी मेकॅनिक सांगणार नाही. मालकाकडून मागच्या तीन-चार वर्षांच्या विमा पॉलिसी माग आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, बघ. दावा न करता वर्षं जात राहिली की तो २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के असा चढतो. दहा वर्षं एकाच हातात, महिन्याला सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही, अशा गाडीवर ५० टक्केच दिसायला हवा. मधेच शून्य किंवा २० दिसला तर त्याआधी दावा झालेला आहे, किंवा विम्यात मोठा खंड पडला आहे. बोनस वाचवणारं ॲड-ऑन असलं तर हा माग चुकू शकतो, म्हणून पॉलिसीची दुसरी पानंही वाच. आणि पुण्याच्या गाडीला हा हिशेब तसाच लावू नकोस. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. तिथला मालक नवा असेल तर त्याचा बोनस त्याच्या हिशेबाने चालेल.

गाडीपाशी गेलास की चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत खेचून बाहेर काढ. पट्टा धुतात तो दिसणाऱ्या भागापर्यंत, आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. पुढच्या सीटखाली पिवळ्या रंगाचे एअरबॅगचे कनेक्टर असतात, त्यांच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही आहे का बघ. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, किंवा उलट कोरे करकरीत, दोन्ही वाईट. एसी जोरात लावून काचा बंद करून पाच मिनिटं बस. अत्तराचा वास भरून ठेवला असेल तर उतर आणि घरी ये.

मालकांच्या संख्येबद्दल पण सांगतो. पुण्याच्या गाडीचे आधीचे दोन मालक कोण होते ते विचार. महागड्या गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावावर घेतात आणि काही वर्षांनी त्याच कंपनीचा संचालक स्वतःच्या नावावर करतो. आरसीवर मालक दोन, चालवणारा माणूस एकच. वडील गेल्यावर मुलाच्या नावावर झाली तरी क्रमांक वाढतो. एकानेच दहा वर्षं हाल केलेली गाडी आणि तिघांनी जपलेली गाडी, दोन्ही मी तपासल्या आहेत. मात्र दर सहा-आठ महिन्यांनी हात बदललेली गाडी दिसली तर तिच्यात काहीतरी आहे, जे प्रत्येकाला घेतल्यावर कळलं आणि प्रत्येकाने पुढे सरकवलं.

क्वाट्रो_वासणा_रोड

माझ्याकडे हीच गाडी आहे, त्यामुळे किलोमीटरचं मी बोलतो. काकांनी पुराचं सांगितलं तेच आधी तपासा, पण समजा पाणी लागलेलं नाही, तरी १४ हजार हा आकडा मला फारसा आवडत नाही.

अकोट्याहून अलकापुरी, परत अकोटा, एवढीच धाव असेल तर इंजिन तेल कधी पुरतं तापतच नाही. न जळालेलं पेट्रोल आणि ओलावा तेलात राहतो. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं, ते दोन वर्षांनी बदलायचंच असतं, गाडी चालो न चालो. सील आणि होसचं रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉललाही पाण्याची ओढ, आणि ते टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं तर पुढे इंजेक्टरपर्यंत त्रास जातो. सर्व्हिस वर्षाला एकदा किंवा १५ हजारांना, जे आधी येईल ते. किती लोक १४ हजारांच्या गाडीला दहा सर्व्हिस करतात? बहुतेकांना वाटतं चाललीच नाही तर तेल कशाला बदलायचं. म्हणून त्या गाडीची बिलं मोजा. दहा वर्षांत तीन-चारच निघाली तर तुम्हाला कमी चाललेली नव्हे, दुर्लक्षित गाडी दाखवली जातेय.

उलट पुण्याच्या गाडीच्या बिलांत मी दोनच नोंदी शोधेन. एक, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या हाल्डेक्स कपलिंगचं तेल. ते दर तीन वर्षांनी बदलायचं असतं, आणि त्याच वेळी पंपाची जाळी काढून साफ करायची असते. जाळी तुंबली की पंप जळतो आणि तुमची क्वाट्रो गुपचूप फक्त पुढच्या चाकांवर चालू लागते. चालवताना कळतही नाही, ओल्या रस्त्यावर कळतं. दोन, एस ट्रॉनिकचं, म्हणजे सहा गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि फिल्टर, ६० हजारांना. ५२ हजारांवर गाडी मिळतेय म्हणजे हे काम तुमच्या खिशातून होणार, किमतीतून वजा करून मागा. शीतकाच्या पंपाचं आणि थर्मोस्टॅटचं घर प्लास्टिकचं असतं, तिथे गळतीचे गुलाबी डाग आहेत का तेही बघून घ्या.

चारही टायर एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. पुढे नवे, मागे टकले, असं असेल तर तो कपलिंगवर ताण असतो.

आणि हे महत्त्वाचं: लोक लोहचुंबक घेऊन पुटी, म्हणजे ठोकलेल्या पत्र्यावर रंगाखाली भरलेला लांबी, शोधायला जातात. या टीटीचं बॉनेट, दारं, छप्पर, बाजूचे पत्रे सगळे ॲल्युमिनियमचे आहेत. चुंबक कुठेच चिकटणार नाही, आणि कोणीतरी तुम्हाला घाबरवेल किंवा तुम्हीच घाबराल. ॲल्युमिनियमवर चालणारं रंगाची जाडी मोजायचं यंत्र न्या. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. एखाद्याच दारावर ५०० दाखवलं तर तिथे पुटी आहे, आणि ॲल्युमिनियम सरळ करता न येणाऱ्या गॅरेजमध्ये काम झालेलं आहे.

मीटर मागे फिरवल्याची शंका असेल तर स्कॅनर लावून जुन्या फॉल्टच्या नोंदी वाचायला सांगा, प्रत्येक नोंदीसोबत त्या वेळचे किलोमीटर असतात. डॅशबोर्डमधलं मीटर फिरवणारे सगळ्या कॉम्प्युटरांपर्यंत पोचतातच असं नाही.

एक्सप्रेसवेवर एका लयीत केलेले ५० हजार माझ्या लेखी शहरातल्या २० हजारांपेक्षा हलके. पुण्याच्या गाडीचे किलोमीटर तसे असतील तर तुम्ही ज्या कामासाठी गाडी घेताय त्याच कामाची तिला सवय आहे.

मांजलपूरकर

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. काल परत अकोट्याला गेलो.

टायरचे आकडे ४१२४. विम्याच्या चालू पॉलिसीवर बोनस २० टक्के, त्याआधीच्या वर्षी शून्य, आणि २०२४ च्या पॉलिसीवर ५०. सीटबेल्ट स्वच्छ होते, ते बदललेले असावेत, कारण त्यांच्या टोकाशी शिवलेल्या पट्टीवर २०२४ छापलं आहे. गाडी २०१५ ची.

मग मी गाडीच्या मालकांना, त्या आजोबांना, सरळ विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, हो, पाणी सीटपर्यंत आलं होतं, दावा झाला, चार महिने गाडी वर्कशॉपमध्ये होती, सगळं नवं करून दिलं. तुम्ही विचारलं नाही म्हणून मी बोललो नाही. चहा पाजला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही, पण २४ लाखांना ती गाडी मी घेणार नाही. बाबाही सोबत होते. बाहेर आल्यावर तेच म्हणाले, पुण्याला कधी जायचं?

पुण्याचं विचारलं. काकांनी सांगितलं अगदी तसंच निघालं: पहिली मालक एक कंपनी, दुसरे तिचेच संचालक, २०२२ पासून सध्याचे मालक. हाल्डेक्स तेलाची दोन बिलं आहेत, जाळी साफ केल्याची नोंद मात्र एकाच बिलावर. शनिवारी जातोय. परराज्यातली गाडी आणण्याचं कागदपत्रांचं काय ते सांगाल का?

सर्व्हेअर_दांडिया_बाजार

आजोबांनी खरं सांगितलं हे चांगलं झालं. आणि तू विचारलंस हे त्याहून चांगलं.

कागदांचं असं आहे. पुणे आरटीओची एनओसी (ना-हरकत) म्हणजे फॉर्म २८, ती विकणाऱ्याने काढून द्यायची. सोबत मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या. गाडीवर कधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, आरसीवरून बोजा उतरलेला हवा. दंडाची चलनं बाकी असतील तर काम अडतं, ती आधीच बघून घे आणि त्यांनाच भरायला सांग. गुजरातमध्ये आणल्यावर इथला कर भरून जीजे-०६ नंबर घ्यायचा. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवायची तर ते कायद्यानेच बंधनकारक आहे. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो, पण ती खटपट लांब चालते, तो पैसा किमतीच्या हिशेबात धरू नकोस. इथल्या कराचा आकडा मात्र आरटीओत विचारून आधीच धर. २१ लाखांत तो मिळवूनच दोन गाड्यांची तुलना होते. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंत. पुढे फिटनेस तपासणी करून पाच-पाच वर्षं वाढते.

विमा चौदा दिवसांच्या आत तुझ्या नावावर करून घे. त्यांचा बोनस तुला मिळणार नाही, पण तुझ्या घरच्या गाडीचा असेल तर चौकशी कर. एवढ्या जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापणारा विमा, बहुतेक कोणी देत नाही, म्हणजे अपघातात बंपर-दिव्यांचे अर्धे पैसे तुझे.

शनिवारी जाशील तेव्हा मालकांना आदल्या रात्रीच सांगून ठेव की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते गार असल्याची खात्री कर, मगच स्टार्ट मार. पहिल्या अर्ध्या मिनिटात चेनचा खडखडाट येतो का, निळसर धूर येतो का ते ऐक, बघ. तापलेल्या इंजिनात यातलं काही कळत नाही. आणि दोन्ही किल्ल्या घेतल्याशिवाय टोकन देऊ नकोस.