गावातल्या जवानांच्या स्मारकाचं डिझाईन, लोकांना कसं विचारायचं?

सातारकर_७: आमच्याकडे शहीद जवानांचं स्मारक होतंय पण कमिटीने पुतळा आधीच ठरवून टाकलाय, ग्रामसभेत फक्त हात वर करायचे म्हणे. लोकांचं खरं मत घ्यायचं कसं?

कोयनाकाठ: ग्रामसभेत बायका बोलत नाहीत रे, पुढे सगळे पुढारी बसलेले. आधी वीरमाता, वीरपत्नींच्या घरी जा, चहा घे, ऐक. आमच्या इथल्या एक आजी म्हणाल्या पुतळा नको, नाव माझ्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर कोरा. कुणाच्या डोक्यातच नव्हतं ते!

बोरूबहाद्दर: वॉशिंग्टनचं व्हिएतनाम स्मारक बघ. १९८१ ची खुली स्पर्धा, १४२१ डिझाईन्स, कुणाचं कुठलं ते परीक्षकांना माहीत नाही, आणि जिंकली २१ वर्षांची विद्यार्थिनी माया लिन. नुसती काळ्या ग्रॅनाइटची भिंत आणि नावं. लई बोंबाबोंब झाली, १९८४ ला शेजारी तीन सैनिकांचा पुतळा बसवावाच लागला. पण लोक कागद ठेवून पेन्सिलीने नाव उतरवून नेतात ते भिंतीवरूनच.

सातारकर_७: भारी. मग दोनतीन स्केचेस फ्लेक्सवर छापून पारावर लावतो, खाली वही ठेवतो. सरपंचांना मात्र तूच सांग बाबा 😀