एकतीस कथा, एक वही: निनावी स्पर्धेचे तुमचे अनुभव सांगा

मंडळी, आपल्या गोव्यातल्या वाचनकट्ट्याची निनावी शतशब्दकथा स्पर्धा संपून दोन महिने झाले. नावं उघडली, बक्षिसाची पुस्तकं पोचती झाली, तरी फोन आला की विषय तोच. पुढच्या वर्षी परत घ्यायची तर आधी हिशेब झालेला बरा, म्हणून विचारते: तुम्हाला काय अनुभव आला? 'छान झालं' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या. कुठे खुपलं, कुठे मजा आली, ते लिहा. सही नावाने नको, कथेच्या क्रमांकाने करा. नाहीतरी फोंड्याच्या बाजारात 'ओ सात नंबर' अशी हाक आली की वळून बघणारे एक गृहस्थ आता आहेतच.

सुरुवात माझ्यापासून. नियम साधे होते. कथा शंभर शब्दांची, विषय मोकळा. ती मला एकटीला पाठवायची, मी क्रमांक घालून सगळ्यांसमोर ठेवणार. प्रत्येकाने तीन कथा निवडायच्या, त्यांना ३, २, १ असे गुण. स्वतःच्या कथेला मत नाही. मी स्वतः लिहिणार नाही.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. आलेल्या पाच फाइली मी जशाच्या तशा पुढे ढकलल्या. वर्डच्या फाइलीत 'ऑथर' म्हणून संगणकाच्या मालकाचं नाव गुपचूप बसलेलं असतं हे मला कुठे ठाऊक? एका हुशार माणसाने ते उघडून बघितलं आणि वर सगळ्यांना सांगितलंही. एका फाइलीत तर लेखकाच्या मुलीचं नाव निघालं, कारण लॅपटॉप तिचा. तिला दिवसभर अभिनंदनाचे फोन. त्या पाचही जणांना नवीन कथा द्यायची मुभा दिली, आणि तेव्हापासून फाइल बंद: मजकूर साध्या मेसेजमध्ये पाठवायचा, मी तो नव्याने चिकटवणार.

दुसरी चूक क्रमांकांची. आल्या क्रमाने क्रमांक द्यायला लागले, तर 'मी आज पाठवली हं' असं चारचौघांत सांगणारे होतेच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. क्रमांक आणि नाव यांची जोडी एका दोनशे पानी वहीत, वही तांदळाच्या डब्यामागे. घरात नवऱ्यालाही दाखवली नाही. त्याचीही कथा होती.

तिसरी चूक चवथीची, म्हणजे गणेश चतुर्थीची. २०२५ साली चवथ २७ ऑगस्टला, आणि मी कथांची मुदत ठेवली २४. मतदान ३१ पर्यंत! अर्धा कट्टा गावच्या घरी गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतोय आणि मी इकडे 'कथा वाचा, मत द्या' म्हणून ओरडतेय. मुदत अनंत चतुर्दशीपर्यंत वाढवली तेव्हा कुठे मतं आली. २०२६ ची चवथ १४ सप्टेंबरला, पण आता धोका नको, आषाढातच उरकू.

आता तुम्ही बोला.

क्रमांक ४, मडगाव

माझ्या कथेतला म्हातारा दारात येऊन 'इलो मी' म्हणतो. 'आयलों' नाही, मालवणी वळणाचं 'इलो'. झालं, कट्ट्याने निकाल दिला: लेखक पेडण्याचा, नाहीतर थेट बांद्याचा. कट्ट्यावर पेडण्याचे दोघेच. त्या दोघांना आठवडाभर कोणी सुखाने जेवू दिलं नाही. माझी आजी सावंतवाडीची, तो शब्द तिचा. मी जन्मापासून मडगावात. सगळे अंदाज बांधत होते तेव्हा मीही साळसूदपणे लिहिलं, 'हो, पेडण्याचाच वाटतो.' लबाडी झाली, कबूल आहे.

क्रमांक २२, साखळी

ओळखू येऊ नये म्हणून मी माझ्याच कथेवर टीका केली. 'शेवट फसलाय' असं लिहिलं. पाठोपाठ अकरा जणांनी 'अगदी बरोबर' म्हटलं. पुढे काही सांगण्यासारखं नाही.

क्रमांक ९, पणजी

मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यामुळे शब्दमोजणीचं काम वहीताईंनी माझ्याकडे दिलं. माणसं समजतात तितकं ते सरळ नाही. मराठीत शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडून लिहायचं: 'घरासमोर', 'तिच्यासाठी', 'पावसाआधी' हे एकेकच शब्द. संगणक मधली मोकळी जागा मोजतो. म्हणजे 'तिच्या साठी' असं तोडून लिहिणाऱ्याचा एक शब्द फुकट जातो आणि शुद्ध लिहिणाऱ्याचा वाचतो. शुद्धलेखनाचा रोख फायदा मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला.

पण एक महाभाग निघाले. त्यांनी 'त्याचवेळी', 'दारउघडताच', 'मागेवळूनपाहिलंतर' असे डबे जोडून आगगाडी केली होती. संगणक म्हणतो शंभर, माझी पेन्सिल म्हणते एकशे बारा. कथा परत पाठवली. राग आला असावा, कारण बारा शब्द कापून ती तासाभरात परत आली. कापलेल्यांत 'अचानक' दोनदा होता.

(वहीवाली: काका, जोडशब्दाबद्दल वाद झाला तर तुमची पेन्सिल अंतिम, असं आता नियमातच घालते. आणि सगळ्यांना एक विनंती. एकतीसपैकी सहा कथांत शेवटच्या ओळीला कळलं की बोलणारा माणूस आधीच मेलेला आहे. दोन कथांत देवचार, म्हणजे गावची राखण करणारं भूत. देवचाराचं चालेल, तो आपलाच आहे. मेलेल्यांना मात्र एक वर्ष विश्रांती द्या.)

क्रमांक १३, म्हापसा

माझ्या कथेला 'ही मशीनने लिहिलेली आहे' असं म्हणणारे चौघे होते. पुरावा काय? एकही चूक नाही, पूर्णविराम जागच्या जागी, आणि 'तथापि' हा शब्द. मुलांनो, मी एकाहत्तर वर्षांची आहे. तेहेतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तुमच्यापैकी दोघांना तर मीच शिकवलंय, आणि 'तथापि' कुठे वापरायचा हेही मीच सांगितलं होतं. ते दोघे विसरले म्हणजे मशीन ठरले मी!

आधी हसले. मग रात्री झोप येईना. उठून कथा परत वाचली. कथा एका बाईची, जी नवऱ्याच्या माघारी त्याचं पेन्शन आणायला बँकेत जाते. ती कुठल्या गावात राहते, बँकेत कशाने गेली, रांगेत पुढे कोण होतं, यातलं काहीच मी लिहिलं नव्हतं. ती बाई कुठलीही असू शकली असती. आम्हाला शिकवलं होतं तसंच, 'प्रमाण भाषेत, स्थळकाळाचा पाल्हाळ न लावता'. पोरांचा आरोप खोटा होता, पण नेमकं कुठे बोट ठेवलंय ते मला कळलं. मी स्वतः कदंबच्या बसने गेले होते, कंडक्टरने सुट्टे नाहीत म्हणून मला चॉकलेट दिलं होतं, आणि ते पासबुकात वितळलं होतं. हे लिहायला काय हरकत होती?

क्रमांक ५, म्हापसा

टीचर, त्या दोघांतला एक मी. माफ करा. तुमच्या कथेला मी तीन गुण दिले होते, मशीनची समजूनच.

क्रमांक १७, काणकोण

निवेदन मराठीत आणि संवाद कोकणीत, असं मी लिहिलं. आमच्या घरी तसंच आहे. बोलणं कोकणी. पेपर येतो तो मराठी, देवळात आरती मराठी, भजन मराठी, आजोबांची पोथी मराठी. कथेत मुलगी हाक मारते, 'आवय, नळाक उदक आयलां गो!' याचं 'आई, नळाला पाणी आलंय गं' केलं असतं तर माझ्या आईने वळूनही बघितलं नसतं.

एकाने लिहिलं, 'मराठी स्पर्धेत कोकणी कशाला?' मग सुरू झालं. १९८७ चा राजभाषा कायदा निघाला, कोकणी राजभाषा आणि सरकारी कामात मराठीलाही मुभा, ते सगळं परत एकदा दळून झालं. जो वाद आमच्या वडिलांच्या पिढीत मिटला नाही तो माझ्या शंभर शब्दांत मिटणार होता थोडाच! पण खुपलं ते वेगळंच. लिहिणारे निनावी आणि प्रतिक्रिया देणारे नावानिशी, त्यामुळे मी गप्प. 'अहो, हे आमचं घर आहे' असं म्हणावं तर कथा कोणाची ते उघड होणार. आठ दिवस ओठ मिटून बसलो. नावं उघडल्यावर त्या आक्षेपवाल्यांची कथा मुद्दाम काढून वाचली. मराठी निवेदनातच 'पोदेर' (पाववाला) आणि 'बाल्कांव' (घरापुढचा बसायचा ओटा) हे कोकणी शब्द होते. बोललो नाही. इथे बोलतोय.

(वहीवाली: पुढच्या वेळी लेखकाने उत्तर माझ्याकडे द्यावं, मी ते 'क्रमांक अमुकचं म्हणणं' म्हणून मांडेन. हे मला आधीच सुचायला हवं होतं.)

क्रमांक ३०, बोटीवर

'रात्री बारापर्यंत' लिहिलं होतं. कुठले बारा ते नव्हतं. माझी बोट तेव्हा अटलांटिकात होती. माझे बारा वाजले तेव्हा गोव्यात पोदेराच्या सायकलीचा पों-पों सुरू झाला असेल. ताईंनी कथा घेतली, देव बरें करूं. पण लिहायचं तर 'भारतीय वेळ' म्हणून लिहा.

क्रमांक २८, वास्को

मी शेवटची आले. यादी पहिल्या पाचांचीच लावली होती, पण मला राहवेना, ताईंना विचारलं. त्यांनी 'खरंच सांगू?' असं दोनदा विचारलं. एकतीसपैकी एकतिसावी, गुण शून्य.

वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण नाव झाकलेलं होतं म्हणूनच मी पाठवली होती. लग्नाआधी लिहायचे, त्यानंतर सव्वीस वर्षांत वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. मत कोणीच दिलं नाही, पण एकाने प्रतिक्रियेत लिहिलं होतं, 'अंगणात चादरीवर सोलं वाळत घातलीत आणि पहिला थेंब बरोबर एका सोलावर पडतो, एवढंच मला लक्षात राहिलं. बाकीची कथा नसती तरी चाललं असतं.' मी ते कापून पाकिटात ठेवलंय. बाकीची कथा नसती तरी चाललं असतं हेही खरंच आहे. शेवटी मीही माझ्या कथेतल्या म्हाताऱ्याला मारलाच होता.

क्रमांक १९ (यांनी नाव उघडू दिलेलं नाही. चिठ्ठीने आलेलं, उतरवून दिलंय. वहीवाली)

माझी कथा दोन भावांची. वडिलांमागे इन्व्हेंतार, म्हणजे मालमत्तेची कायदेशीर वाटणी, होते, घर दुभंगतं, मधली भिंत विहिरीच्या बरोबर मधोमध येते. दोन्हीकडे एकेक रहाट. वरून जावांना एकमेकींचं तोंड दिसत नाही, पण पहाटे दोघींच्या कळश्या आत एकमेकींवर आपटतात, पाण्याला भिंत नसते ना. एवढीच कथा.

दुसरा क्रमांक आला, पण तोवर वहीताईंना तीन घरांतून फोन गेले होते. तिघांचंही एकच म्हणणं, 'ही आमच्या घराची गोष्ट आहे, कोणी लिहिली ते सांगा.' एकाने तर आवाज चढवून चुलतभावाचं नावही घेतलं. ताईंनी वही उघडली नाही, त्यांचे उपकार. त्या तीन घरांतलं एकही माझ्या ओळखीचं नाही.

आमच्या विहिरीला भिंत नाही. इन्व्हेंतार अजून चालू आहे, जेवण अजून एकत्र आहे. रविवारी वहिनीने फोनवरून ती कथा दादाला मोठ्याने वाचून दाखवली. दादा म्हणाला, 'कोणीतरी आपल्यासारखंच दिसतं.' वहिनी म्हणाली, 'आपल्याकडे रहाट कुठे, पंप आहे.' मी तिथेच सोप्यावर बसून चहात उंडो बुडवत होतो.