बोलणं आपलं, ऐकणं त्यांचं: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात शेजारच्या काकूंना भेटायला गेले. काका दोन वर्षं अंथरुणाला खिळून होते. काकूंचा हात धरून म्हटलं, "सुटले बिचारे." अशा वेळी आपल्याकडे सगळेच म्हणतात. काकू त्यांच्या गोळ्यांचा डबा रिकामा करत होत्या, वारांची नावं लिहिलेला. गुरुवारचा कप्पा भरलेलाच होता. त्या हळूच म्हणाल्या, "मला अजून करायचं होतं गं त्यांचं." मी काकांबद्दल बोलले, काकूंना ऐकू आलं की त्याच सुटल्या. तेव्हापासून मन खातंय. तुमच्याकडून असं काही बोललं गेलंय का? किंवा तुम्हाला काही लागलंय? मोकळेपणाने लिहा.

*

बँकेत काउंटरवर असते. पेन्शनची गर्दी होती. नऊवारीतल्या आजी दिसल्या आणि मी शाईचं पॅड पुढे सरकवलं, "आजी, इथे अंगठा लावा." माझ्या मते मी मदतच करत होते. आजींनी पॅड बाजूला सारलं, पेन मागितलं आणि सावकाश पूर्ण नाव लिहिलं, काना-मात्रा-वेलांटी जागच्या जागी. मग म्हणाल्या, "व्हर्नाक्युलर फायनल पास आहे मी." म्हणजे जुन्या काळची सातवीची परीक्षा. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. माफी मागितली. आता आधी पेनच पुढे करते. ज्यांना अंगठा द्यायचा असतो ते स्वतः सांगतात.

*

आमचं किराणा दुकान आहे. वडील रात्री दुकान बंद करताना "दुकान वाढवतो" म्हणायचे. 2021 मध्ये आमच्या ओळीतली दोन दुकानं कायमची गेली होती. त्या दिवसांत मी एका नेहमीच्या गिऱ्हाइकाला म्हटलं, "चला, बंद करतोय." त्यांचा चेहरा उतरला. "तुम्हीसुद्धा?" तेव्हा कळलं वडील तो शब्द का टाळायचे.

*

माहेर यवतमाळ, सासर पुणे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात "मी पोळ्या करून राहिली" म्हटलं आणि घरभर हशा. सासूबाई कौतुकानेच म्हणाल्या, "पुन्हा म्हण ना!" मग पाहुणे आले की तेच म्हणायला लावायचं. त्यांच्या मनात खोट नव्हती, हे मी आजही सांगते. पण मी प्रत्येक वाक्य तोंडात घोळवून मगच बोलू लागले, फोनवरसुद्धा. एकदा आईच म्हणाली, "काऊन वं, माह्याशी पाहुण्यावानी बोलून राहिली?" फोन ठेवून खूप रडले.

*

काकूंचं वाचून लिहितेय. माझी आई गेली तेव्हा जो तो म्हणत होता, "वय झालंच होतं." खरंच होतं, 84. तरी प्रत्येक वेळी वाटायचं, म्हणजे रडायचं नाही का? एका मैत्रिणीने मात्र विचारलं, "आई शेवटी काय आवडीने खायची गं?" मी अर्धा तास तिच्या मेतकूट-भाताबद्दल बोलत होते. वर तूप किती लागायचं, तेसुद्धा.