मदत हवी आहे: इंग्रजीचे अवघड शब्द पाठ होतात, पण गुण मिळत नाहीत

चिंतातुर_आई:
नमस्कार. मुलीला शाळेतून दर आठवड्याला वीस अवघड इंग्रजी शब्दांची यादी येते. ती रोज रात्री घोकते, मी विचारले की धडाधड अर्थ सांगते आणि तरीही परीक्षेत वीसपैकी सात-आठच गुण आणते. पुढची परीक्षा मंगळवारी आहे, तेव्हा कृपया लवकर उपाय सुचवावा. "वाचन वाढवा" हे ऐकून झाले आहे.

डोंबिवलीकर:
मुलगी कितवीत आहे, माध्यम कोणते आणि परीक्षेत नेमके काय विचारतात, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. स्पेलिंग चुकते की अर्थ?

शब्दवेडा:
यादी बाजूला ठेवा आणि तिला शब्द फोडायला शिकवा. 'इममॉर्टल' म्हणजे आपला 'अमर्त्य' आणि 'अनॉनिमस' म्हणजे 'अनामिक'. लॅटिन, ग्रीक आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या असल्यामुळे 'डेंटल'मध्ये दंत आणि 'इग्नाइट'मध्ये अग्नी सापडतो. मराठी घरातल्या मुलांना हा खजिना आयताच मिळालेला आहे.

जुना_मास्तर:
शब्दवेडा, हा खेळ मलाही आवडतो. परंतु वीस शब्दांच्या यादीत त्याने फार तर दोन-तीन सुटतात. शिवाय 'इन' म्हणजे नकार असे शिकलेली मुले 'इनफ्लेमेबल'चा अर्थ 'न पेटणारे' असा बेधडक लिहितात, आणि टँकरवर तो शब्द नेमका उलट्या कारणासाठी रंगवलेला असतो.

शब्दवेडा:
अपवाद दाखवून नियम मोडीत काढू नये. 'इनव्हॅल्युएबल' पाहा. 'अमूल्य'मधला 'अ' किंमत नाही असे म्हणत नाही, ती करता येत नाही असे म्हणतो. मराठी कळणाऱ्या मुलाला तो शब्द समजावून सांगावाच लागत नाही.

एडिसनकर:
इकडे अमेरिकेत कॉलेज प्रवेशासाठीच्या एसएटी परीक्षेतून वाक्यपूर्तीचे प्रश्न २०१६ साली काढून टाकल्यावर अशा याद्यांचा धाक पुष्कळ ओसरला. मुलीला पुढे इकडे पाठवायचे असेल, तर आतापासून उतारे सोडवून घ्यावेत.

डोंबिवलीकर:
एडिसनकर, त्या परीक्षेबद्दल येथे कोणीही विचारलेले नाही. धागाकर्तीने माझ्या प्रश्नाचे उत्तर दिले, तर बरे होईल.

चिंतातुर_आई:
क्षमस्व. आठवी, इंग्रजी माध्यम. परीक्षेत अर्थ विचारत नाहीत, शब्द वापरून वाक्य लिहायचे असते. सगळ्याच शाळांत तसे असेल असे मी धरून चालले होते. गेल्या वेळी 'मेटिक्युलस'पुढे वहीत 'काटेकोर, बारीक' असा अर्थ होता आणि तिने 'द रेन वॉज मेटिक्युलस' असे वाक्य लिहिले. बाईंनी त्यावर नुसती लाल रेघ ओढली.

जुना_मास्तर:
म्हणजे दोष पाठांतराचा नसून वहीतल्या त्या एका शब्दाच्या अर्थाचा आहे. 'एलोक्वेंट' आणि 'गॅर्युलस' या दोन्हींपुढे 'बोलका' लिहिले, तर सभा जिंकणारा वक्ता आणि जिन्यात अडवून अर्धा तास बडबडणारा शेजारी एकच होतात. अर्थाच्या जागी ओळखीच्या माणसावरचे एक पूर्ण वाक्य लिहावे आणि जवळचे शब्द जोडीने घ्यावेत. 'फ्रूगल' म्हणजे काटकसरी, 'स्टिंजी' म्हणजे कवडीचुंबक.

कार्डप्रेमी:
सेबास्टियन लाइटनर यांची खोक्यांची पद्धत वापरून पाहा. आलेले कार्ड पुढच्या खोक्यात जाते आणि उशिराने विचारले जाते, चुकलेले पहिल्या खोक्यात परत येते.

जुना_मास्तर:
जरूर वापरावी, पण कार्डाच्या मागे वाक्यच लिहावे. नाहीतर चुकीचा अर्थ अधिक पक्का होईल.

चिंतातुर_आई:
काल रात्री नऊ शब्द असे घेतले. 'फ्रूगल'चे वाक्य तिने आजीवर केले. आजींनी आधी संशयाने अर्थ विचारला आणि 'काटकसरी' ऐकल्यावरच जेवायला बसल्या. 'युबिक्विटस' मात्र अडला आहे. मी 'सर्वव्यापी' सांगितले, तर तिने देवावर वाक्य केले.

डोंबिवलीकर:
देव नको. आपण पुण्यात असाल, तर अमृततुल्य चहाच्या दुकानांवर करायला सांगा.