फुफ्फुसाचं वय सांगितलं तर सिगारेट सुटते का?

उलटी गणती

सिगारेट ओढणाऱ्याला ‘सोडून दे’ म्हणण्याइतकं वाया जाणारं बोलणं दुसरं नसेल. त्याला सगळं माहीत असतं. पाकिटावरचं ते भयाण चित्र तो रोज बघतो, झाकण उघडतो आणि सिगारेट काढतो, कारण चित्रातलं फुफ्फुस दुसऱ्या कुणाचं तरी असतं. म्हणून माझं मत असं की त्याला त्याचं स्वतःचं फुफ्फुस दाखवावं. तेही लिटरमध्ये नाही, वयात.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: स्पायरोमेट्री म्हणजे फुंकायची टेस्ट. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर पडली तो आकडा म्हणजे एफईव्ही-१. ऐन तारुण्य सरलं की तो सगळ्यांचाच हळूहळू उतरतो, बऱ्याच ओढणाऱ्यांचा मात्र झपाट्याने. १९८५ मध्ये मॉरिस आणि टेम्पल यांनी हा हिशेब उलटा मांडला. तुमच्या उंचीच्या, न ओढणाऱ्या माणसाचा एवढा आकडा साधारण कोणत्या वयात येतो? तेच तुमच्या फुफ्फुसाचं वय.

याची नीट चाचणीही झाली आहे, ती २००८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. इंग्लंडच्या हर्टफर्डशर भागातले पाच दवाखाने, पस्तिशी गाठलेले ५६१ ओढणारे. टेस्ट सगळ्यांची केली, सोडायचा सल्ला सगळ्यांना दिला, मदत कुठे मिळेल तेही सगळ्यांना सांगितलं. फरक एवढाच, की निम्म्यांना नुसता लिटरचा आकडा कळवला आणि उरलेल्यांना वय सांगून आलेखावर त्यांची जागा दाखवली. वर्षभराने तोंडी कबुलीवर न विसंबता तपासण्या करून खात्री केली. लिटरवाल्यांपैकी ६.४ टक्के सुटले होते, वयवाल्यांपैकी १३.६ टक्के. दुपटीहून जास्त, आणि तेही नुसत्या बोलण्याच्या फरकाने!

तो आलेख फ्लेचर आणि पेटो यांचा, १९७७ चा. एक रेघ न ओढणाऱ्याची, निवांत उतरणारी. दुसरी ओढत राहणाऱ्याची, कड्यावरून गेल्यासारखी. या दुसरीतून दोन फाटे फुटतात, एक पंचेचाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याचा आणि एक पासष्टाव्या. गेलेलं फारसं परत मिळत नाही, पण सोडल्यापासून पुढची घसरण न ओढणाऱ्याइतकीच राहते. हे माणसाला बोटाने दाखवता येतं: तुम्ही इथे आहात, या फाट्याने जायचं की त्या, ते ठरवा.

पस्तिशीपुढचा ओढणारा कुठल्याही कारणाने दवाखान्यात आला की ही टेस्ट व्हावी आणि त्याला वय सांगितलं जावं, असं माझं म्हणणं आहे. बोला.

तिरका कंस

मीच सुरुवात करतो. १३.६ टक्के म्हणजे वय ऐकूनही शंभरातले शहाऐंशी ओढतच राहिले, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

शिवाय एका चाचणीवर इमला बांधू नये. फुफ्फुसाची क्षमता, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड, रक्तवाहिन्यांची चित्रं असलं काय काय ओढणाऱ्याला दाखवून तो सोडतो का, याचा कोक्रेनचा, म्हणजे जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा २०१९ मध्ये अद्ययावत झाला. तुमची लाडकी चाचणी धरूनही त्यांना फारसा भरवशाचा पुरावा सापडला नाही. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने तर लक्षणं नसलेल्या प्रौढांची सीओपीडीसाठी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारासाठी, चाळणी करूच नका, असं २०१६ मध्ये सांगितलं आणि २०२२ मध्ये पुन्हा तेच सांगितलं.

भीती घालून माणूस बदलतो ही समजूत जुनी आहे. भीती घातली आणि हातात उपाय दिला नाही, तर माणूस भीतीचाच बंदोबस्त करतो. म्हणजे रिपोर्ट ड्रॉवरमध्ये, आणि ‘आमचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’.

मधली सुट्टी

फुफ्फुसाचं वय ७१ आलं तर ज्येष्ठ नागरिकांची सवलत मिळते का? मित्रासाठी विचारतोय.

नळीवाली

मी ही टेस्ट रोज घेते, म्हणून दोन गोष्टी सांगते. कुणाच्या बाजूने नाही.

आकडा यंत्र काढत नाही, माणूस काढतो. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, आणि मी शेजारी उभी राहून ओरडते, ‘फुंका, फुंका, फुंका, अजून, थांबू नका!’ आतली हवा संपेपर्यंत फुंकत राहायचं असतं. पहिल्या वेळी बहुतेकांच्या ओठांच्या कोपऱ्यातून हवा निसटते. काही जण श्वास अर्धाच घेतात. काहींना मध्येच खोकला येतो, ते फुंकणं बाद. तीन फुंकणी धड मिळाली आणि त्यातल्या सगळ्यात चांगल्या दोन एकमेकींपासून १५० मिलिलिटरच्या आत असल्या, की टेस्ट जमली असं आम्ही धरतो.

आता मॉरिस-टेम्पलचं पुरुषांसाठीचं सूत्र बघा. इंचातली उंची गुणिले २.८७, वजा लिटरमधला एफईव्ही-१ गुणिले ३१.२५, वजा ३९.३७५. उंची ६७ इंच, एफईव्ही-१ तीन लिटर असला तर वय येतं ५९. तोच माणूस, तीच सकाळ, पुढच्या फुंकणीला ३.१५ लिटर, म्हणजे आमच्या नियमात बसणारा फरक. वय साडेचोपन्न! बायकांच्या सूत्रात लिटरला ४० ने गुणतात, तिथे एवढ्याच फरकाला सहा वर्षं. आणि उंची मोजताना कुणी बूट काढले नाहीत आणि इंचभर वाढली, की पुरुषाचं फुफ्फुस जवळजवळ तीन वर्षांनी म्हातारं.

आलेला माणूस मात्र एकच विचारतो, ‘पास की नापास?’

तिरका कंस

नळीवाली ताई, दंडवत. माझं निम्मं काम तुम्हीच केलंत.

त्याला आणखी एक शेपूट जोडतो. १९९४ मध्ये निकाल जाहीर झालेल्या लंग हेल्थ स्टडीत अमेरिका आणि कॅनडातले ५,८८७ ओढणारे होते. त्यातल्या सोडणाऱ्यांचा एफईव्ही-१ पहिल्या वर्षात सरासरी ४७ मिलिलिटरने सुधारला. ताईंच्या सूत्रात घाला, जेमतेम दीड वर्ष. आणि एका सकाळच्या दोन फुंकण्यांतच साडेचार वर्षांचा फरक पडू शकतो. म्हणजे एखाद्याने तुमचा आकडा ऐकून सोडली, वर्षभर दात-ओठ खाऊन तग धरला, आणि पुन्हा टेस्टला आला तर फुफ्फुसाचं वय वाढलेलं दिसायचीही शक्यता आहे. त्याला काय सांगणार? यंत्र चुकलं? मग पहिल्या दिवशी बरोबर होतं कशावरून?

अर्धवट विझलेला

माझं तिसरंच दुखणं आहे. माझा रिपोर्ट नॉर्मल आला. एकोणीस वर्षांचा असल्यापासून ओढतो, आता चाळिशी पार केली, आणि फुफ्फुसाचं वय खऱ्या वयापेक्षा दोनने कमी. डॉक्टर म्हणाले, ‘तरीही सोडा.’ तो ‘तरीही’ कुणाला ऐकू येतो? बाहेर आलो आणि इतक्या निवांतपणे सिगारेट पेटवली की काय सांगू. तोवर निदान मनात खुटखुट होती, ती टेस्टने घालवली. वर आता घरात कुणी विषय काढला की मी रिपोर्ट पुढे करतो.

माझ्या मेहुण्याचं उलट. त्याचा वाईट आला. बहिणीने तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, रोज शर्ट काढताना दिसावा म्हणून. तो आता शर्ट खुर्चीवर ठेवतो.

उलटी गणती

खुर्चीवरच्या शर्टाला उत्तर नाही माझ्याकडे. बाकीच्यांना आहे.

कंसराव, सोडण्याच्या बाबतीत शहाऐंशी टक्के अपयश हा युक्तिवाद कुठल्याही उपायाला लागू पडतो. कसलीही मदत न घेता सोडू पाहणाऱ्यांतले वर्षाअखेर शंभरात तीन ते पाचच टिकतात. या खेळात दर चौदा जणांमागे एक जास्तीचा सुटणं ही मोठी गोष्ट आहे.

भीतीचं म्हणाल तर त्या चाचणीतली सगळ्यात मजेशीर गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. ज्यांचं फुफ्फुस म्हातारं निघालं त्यांनी जास्त प्रमाणात सोडली, असं झालंच नाही. ज्यांचं वय ठीक आलं तेही तेवढ्याच प्रमाणात सुटले. घाबरण्यामुळे सुटले असते तर असं दिसलं नसतं. माझ्या मते आलेख कळल्यामुळे सुटले. वाईट आकडावाल्याला कळलं की इथून पुढची घसरण थांबवता येते. चांगल्या आकडावाल्याला कळलं की अजून काही गेलेलं नाही, आत्ता सोडलं तर सगळं वाचेल. अर्धवट विझलेले, तुमच्या डॉक्टरांनी ‘तरीही सोडा’ म्हणण्याऐवजी हे दुसरं वाक्य म्हणायला हवं होतं. टेस्ट झाली, सांगणं झालंच नाही.

आणि टेस्ट नॉर्मल म्हणजे फुफ्फुस ठणठणीत, असंही नाही. बारीक श्वासनलिका बऱ्याच खराब झाल्या तरी एफईव्ही-१ ला पत्ता लागत नाही. कॅन्सर आणि हृदयविकार तर या नळीत दिसतच नाहीत.

तिरका कंस

म्हणजे रिपोर्ट वाईट आला तरी सोडा, चांगला आला तरी सोडा. मग रिपोर्ट कशाला? निकाल काहीही आला तरी सल्ला तोच असेल, तर ती टेस्ट नव्हे, नाटकातलं सामान झालं. तुमच्याच आकड्यांनी सिद्ध केलंत की वयाचा आकडा काम करत नाही, शेजारी बसून पाच मिनिटं नीट बोलणारं माणूस काम करतं.

बोलण्यासाठी आकडाच हवा असेल तर यंत्राशिवाय मिळणारा एक चांगला आकडा आहे. रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं ब्रिटिश डॉक्टरांवर लक्ष ठेवलं, ते निष्कर्ष २००४ मध्ये आले. ओढत राहणारे सरासरी दहा वर्षं आधी जातात. तिसाव्या वर्षी सोडली तर ती दहा जवळजवळ सगळी परत मिळतात, चाळिसाव्या वर्षी नऊ, पन्नासाव्या वर्षी सहा, साठाव्या वर्षी तीन. नळी नको, चिमटा नको, बूट काढायला नको. आणि पुन्हा मोजायला बोलावून तोंडघशी पडायची भीती नाही.

उलटी गणती

पण ते डॉक्टर पुन्हा दुसरेच कुणीतरी झाले की! सरासरी ऐकून ‘मी त्यातला नाही’ म्हणायला ओढणाऱ्याला कितीसा वेळ लागतो? नळीत फुंकलेला श्वास त्याचा स्वतःचा असतो. ती सबब तिथे चालत नाही.

बाराखडी

तुम्ही दोघं ज्या यंत्रावर भांडताय ते सोडून शेजारचं यंत्र बघा. मी व्यसनमुक्तीच्या गटात बसते, आमच्याकडे स्पायरोमीटर नाही, कार्बन मोनॉक्साइडचा छोटा मीटर आहे. श्वास रोखायचा, सावकाश सोडायचा, पडद्यावर आकडा. रक्तातला मोनॉक्साइड चार-पाच तासांत निम्म्यावर येतो, एक-दोन दिवसांत न ओढणाऱ्याच्या पातळीला. म्हणजे सोमवारी सोडली तर बुधवारी पुरावा हातात. बावीस आलेल्या माणसाला तीन दिवसांनी दोन दिसतो तेव्हा तो मीटर शेजाऱ्याच्या नाकासमोर नाचवतो.

कंस म्हणतील कोक्रेनने त्यालाही नापास केलंय. केलंय. पण नुसता आकडा दाखवून आम्ही कुणाला सोडून देत नाही. आम्ही तो आकडा निकोटिनचे पॅच, गोळ्या आणि दर आठवड्याच्या बैठकीबरोबर वापरतो. मोनॉक्साइडचा आकडा कष्टाचं फळ लगेच दाखवतो, फुफ्फुसाचं वय दाखवत नाही. पहिल्या पंधरवड्यात तडफडणाऱ्या माणसाला ‘तुझं फुफ्फुस एकोणसाठचं’ हे ऐकून काय करायचंय?

तिरका कंस

बाराखडी, तुमच्या गटातलं श्रेय मी पॅच आणि बैठकीला देईन. निकोटिनचे पॅच, च्युइंगम वापरल्याने टिकण्याची शक्यता दीडपटीच्या आसपास वाढते, त्याला भक्कम पुरावा आहे. मीटर नाचवायचं तर खुशाल नाचवा. त्यातला आकडा निदान खरा असतो.

उलटी गणती

बाराखडींचा मुद्दा मला पटतो, पण तो सोडायचं ठरवलेल्यांचा झाला. तुमच्या गटात येणारा आधीच दार उघडून आलेला असतो. मी बोलतोय ते पाठदुखी नाहीतर सर्दी घेऊन आलेल्याबद्दल, ज्याच्या मनात सोडणं नाहीच. त्याला विषयात ओढायला फुफ्फुसाचं वय, मग पुढची लढाई तुमच्या मीटरवर आणि पॅचवर. साडेचार वर्षांच्या फरकाचं म्हणाल तर ‘५९’ असं ठणकावून सांगू नये, ‘पन्नाशीच्या उत्तरार्धात’ म्हणावं, आणि ती टेस्ट वर्षाने पुन्हा करू नये. एवढं मान्य.

नळीवाली ताई, एक विचारायचं होतं. रिपोर्ट हातात देताना तुम्ही काय सांगता?

नळीवाली

काही नाही. सांगायची परवानगीच नाही आम्हाला. रिपोर्ट पाकिटात जातो, पाकीट डॉक्टरांकडे. तिथे बाहेर रांग असते. फुंकून झाल्यावर दम खात बसलेला माणूस माझ्यासमोर दोन-तीन मिनिटं असतो, ऐकायच्या मनःस्थितीत असतो, आणि तेवढा वेळ मी नळी बदलत असते. यंत्र आलं तेव्हा आम्हाला ते चालवायचं दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं. निकालाबद्दल बोलायचं कसं, ते त्यात नव्हतं.

तिरका कंस

ताईंना ती दोन-तीन मिनिटं आणि बोलायची परवानगी द्या. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने. आकडा तेव्हाही मला नकोच आहे.

मधली सुट्टी

मित्राने टेस्टला नंबर लावलाय. बूट काढायला सांगितलेत.