काजूगराची साल काढणारे नवे यंत्र: साडेअकरा लाख गुंतवावेत का?

आंबोलीपायथा:
सावंतवाडी तालुक्यात गेली चार वर्षे माझा काजू प्रक्रियेचा छोटा उद्योग आहे. हंगामात दिवसाला तीन पोती, म्हणजे २४० किलो बी आम्ही फोडतो. वाफवणे, कटिंग आणि ड्रायर येथपर्यंत काम सुरळीत चालते. अडते ते गराची तांबडी साल काढताना. पूर्वी या कामाला आठ महिला येत असत, आता चारच येतात, आणि मे महिन्यात लग्नसराई व आंबा एकदम आला की त्याही मिळत नाहीत. अशात एका विक्रेत्याने साल काढून अख्खा गर, पाकळी आणि तुकडा आपोआप वेगळे करणारे नवे यंत्र सुचवले आहे. किंमत ११ लाख ५० हजार, निम्मी रक्कम आगाऊ. ९८ टक्के गर अख्खा राहतो असा त्यांचा दावा असला, तरी पुरावा म्हणून मोबाईलवरची दोन मिनिटांची चित्रफीत तेवढी दाखवतात. आपल्या भागात ते अजून कोणाकडेही बसलेले नाही. घ्यावे का?

वेंगुर्ल्याचा_बागायतदार:
९८ टक्के म्हणजे कशाचे, हे आधी विचारा: यंत्रात टाकलेल्या एकूण गराचे, की ज्याची साल पूर्ण निघाली तेवढ्याच गराचे? न सोललेला गर बाजूला सारून टक्केवारी काढली, तर कोणतेही यंत्र गुणी ठरते.

दुसरे असे की, अशी यंत्रे हवेच्या झोताने साल उडवतात आणि त्यासाठी गरातला ओलावा साधारण तीन टक्क्यांवर आलेला असावा लागतो. ओल राहिली तर साल चिकटून बसते, फाजील वाळला तर गर तुटतो. त्यातच आपल्याकडे वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची बी पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची आणि गावठी बी त्याहून बारीक. हे सारे एकाच पोत्यात येते. चित्रफितीतला गर एकसारखा निवडलेला असणार, तुमचा तसा नसतो.

हिशेबही मांडून पाहा. २४० किलो बियांतून २८ टक्क्यांनी सुमारे ६७ किलो गर मिळतो. हातसोलणीपेक्षा दहा टक्के गर जास्त फुटला आणि अख्खा व पाकळी यांच्या दरात किलोमागे २०० रुपयांचा फरक धरला, तर रोज तेराशेच्या वर रुपये जातात. वाचलेली मजुरी तेथेच संपते.

कुडाळची_उद्योजिका:
आपले दुखणे मी भोगले आहे. तीन वर्षांपूर्वी मीही असेच एक यंत्र नुसते कागद पाहून घेतले. विक्रेत्याचे नाव येथे घेत नाही. संध्याकाळी विजेचा दाब पडला की कॉम्प्रेसर धापा टाकी, आणि जूनमध्ये तर हवेच्या नळीतून पाण्याचे बारीक थेंब थेट गरावर उडू लागले. हवा कोरडी करणारे उपकरण वेगळे घ्यावे लागेल, हे कोणीही आधी सांगितले नव्हते. ऐन हंगामात एक झडप बिघडली, तेव्हा कारागीर यायला सतरा दिवस लागले. माझे यंत्र आज ताडपत्रीखाली आहे.

हिशेबनीस:
सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या योजनेतून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान मिळू शकते, असे सांगून विक्रेते घाई करतात. पण ते कर्जाशी जोडलेले असते. तीन वर्षे खाते नियमित आणि उद्योग चालू राहिला, तरच ती रक्कम कर्जात वळती होते. यंत्र बंद पडले तरी हप्ता थांबत नाही.

आंबोलीपायथा:
सर्वांचे आभार. माझ्या ड्रायरमधला ५० किलो मिश्र गर घेऊन स्वखर्चाने येतो, माझ्यासमोर यंत्र चालवून वजन करू, असे मी विक्रेत्यांना कळवले. चाचणीचे यंत्र सध्या दुरुस्तीला आहे, मात्र या महिन्यात आगाऊ रक्कम भरल्यास एक लाखाची सूट देऊ, असे उत्तर आले. मी नकार कळवला आहे.

दरम्यान ड्रायरच्या वरच्या आणि खालच्या ट्रेमधला गर अंगठ्याने चोळून पाहिला. एकाची साल चिमटीत सुटते, दुसऱ्याची नखाने खरवडावी लागते. आता दर दोन तासांनी ट्रेची अदलाबदल करतो आणि गर चाळणीने आकारवार लावून मगच सोलणीला देतो. त्याच चार महिला नऊ किलोऐवजी प्रत्येकी बारा किलोपर्यंत गर सोलू लागल्या आहेत. मे महिन्याची अडचण मात्र तशीच आहे, त्यामुळे कोणाकडे दोन हंगाम चाललेले साधे सोलणी यंत्र असेल, तर पाहायला येऊ इच्छितो. गर माझाच आणीन.