संग्रहालयात टेकायला जागा का नसते?
(मुंबईकरांची ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कौलारू
मागच्या महिन्यात आईला घेऊन अहमदाबादला गेले होते. साबरमती आश्रमातलं गांधी स्मारक संग्रहालय पाहिलं. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं, १९६३ सालचं. सहा बाय सहा मीटरचे चौरस, विटांचे खांब, वर कौलं. खिडक्यांना काच नाहीच, लाकडी झडपा. काही चौरस बंदिस्त, काही उघडे, मध्ये पाण्याचं कुंड.

आईचे गुडघे गेलेत. कुठल्याही प्रदर्शनात दहा मिनिटांत "पुरे गं" म्हणणारी बाई. इथे ती कुंडाजवळ टेकली, चपला काढल्या, पाण्याकडे बघत बसली आणि थोड्या वेळाने आपणहून उठून पुढचं वाचायला गेली. असं तीनदा झालं. मुंबईत एका दालनात तिच्यासाठी मला रखवालदाराची खुर्ची मागावी लागली होती.

माझं मत सरळ आहे. संग्रहालयाचा आराखडा पायांपासून सुरू व्हावा. माणूस कुठे दमतो, डोळे कुठे निवतात, आभाळ कुठे दिसतं ते आधी ठरवा. दर्शनी भाग मागाहून. भोपाळच्या भारत भवनात (१९८२) कोरियांनी तर दालनं उतारात दडवली, वर गच्च्या आणि चौक ठेवले. इमारत मिरवतच नाही.

ओलावा
ताई, आई बसल्या ते छानच. पण अहमदाबादचा पाऊस आपल्या मुंबईच्या निम्माही नाही. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर, तोही चार महिन्यांत. जुलैत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या पुढे. जुन्या कागदाला साधारण ५० लागते. लघुचित्रं, कापड यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नको, म्हणजे आपल्याला अंधारच वाटेल असा.

मी बारा वर्षं जुन्या वस्तू जपायचं हे काम केलंय. पावसाळ्यात कपाट उघडलं की आधी नाकाला कळतं, मग डोळ्याला. एकदा कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके पडले की मऊ ब्रशने वरवरचं झटकता येतं, डाग राहतो तो राहतोच. आधी वस्तू, मग पाय.

गिरगावचा नाना
दोघीही घुमट विसरलात. जॉर्ज विटेटचं आपलं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बघा. पायाभरणी १९०५, विटेटची निवड १९०९च्या स्पर्धेतून, इमारत १९१४ला तयार, मग युद्धात लष्करी इस्पितळ आणि १९२२ला लोकांसाठी खुलं. कुर्ल्याचा काळा दगड, मालाडचा पिवळा, घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून, आत जुन्या वाड्याचे लाकडी खांब. पोरं आधी घुमट बघायला येतात, मग चुकून मूर्ती बघतात. स्पेनमधल्या बिल्बाओलाही १९९७ला आर्किटेक्ट फ्रँक गेरीची संग्रहालयाची इमारत झाल्यावरच जग गेलं.

दडलेली इमारत भोपाळला शोभते. मुंबईत दडवली तर तिच्यावर टॉवर उभा राहील.

अर्धा चहा
नाना, घुमटाच्या नादात न्यूयॉर्कचं गुगेनहाइम संग्रहालय आठवा. फ्रँक लॉइड राइटने गोल उतरता रस्ता केला, भिंती वाकलेल्या. १९५९ला उघडायच्या आधीच २१ चित्रकारांनी लेखी निषेध केला होता, सपाट चित्र तिथे लावायचं कसं म्हणून. आर्किटेक्टला हौस, चित्राला मानदुखी.

(आपलं आधुनिक कला संग्रहालयही विटेटच्याच १९११च्या जहांगीर सभागृहात आहे. आर्किटेक्ट रोमी खोसलांनी हॉलच्या पोटात मजले बसवले, १९९६ला खुलं झालं. मला आवडतं, पण पायांवाल्या पक्षाने जिन्यांचा विचार करून जावं.)

कौलारू
@ओलावा, कपाट बंद ठेवा ना! पण कपाटासाठी अख्खं घर का बंद करायचं? दादरचं पोर्तुगीज चर्च कोरियांचंच आहे. तिथे उघडे चौक याच पावसात चालतात.

ओलावा
चर्चमध्ये पैठणी टांगलेली नसते हो. उघड्या चौकातून थेट थंड दालनात दार उघडलं की दर माणसामागे दमट हवा आत. काचा धुरकटतात, थंड भिंतीला घाम सुटतो.

पण थांबा. माझ्या आजोळी, कोकणात, अंगणातून पडवी, पडवीतून ओटी, मग माजघर आणि सगळ्यात आत काळोखाची खोली, तिथे तांदूळ आणि लुगडी. ओल पायरीपायरीने मागे राहायची. संग्रहालय तसं बांधा: चौक, वाऱ्याची पडवी, अर्धवट गार ओटी आणि आत खोल माजघरात कागद न् कापड. दगडी मूर्ती पडवीत बसल्या तरी चालतील. डोळ्यांनाही उन्हातून एकदम ५० लक्समध्ये शिरावं लागणार नाही. हे मी तुमच्या बाजूने बोलतेय असं समजू नका. माजघराचं दार बंदच राहील.

गिरगावचा नाना
पडवीला एफएसआय, म्हणजे बांधकामाचं मंजूर क्षेत्रफळ, कोण देणार?

जुना भायखळा
भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या भागासाठी स्पर्धा झाली होती. २०१४ला अमेरिकन आर्किटेक्ट स्टीव्हन हॉल जिंकले. पांढरं काँक्रीट, उजेडासाठी दिलेले छेद, पावसाच्या पाण्याचं कुंड. म्हणजे पाऊस बाहेर ठेवण्याऐवजी बोलावलेला. कागदावरच राहिलं. १८७२ची जुनी इमारत मात्र २००८ला दुरुस्त होऊन उघडली, आणि राणीच्या बागेतून दमून आलेली कुटुंबं तिथे मातीच्या छोट्या बाहुल्यांसमोर अर्धा-अर्धा तास उभी असतात. मूल कडेवर, बोट काचेवर.

कौलारू
उभी असतात ना? तेच म्हणतेय मी.

पुढच्या आठवड्यात आईला नेते तिथे. ओलावा, याल का? काचेवरचा घाम दाखवा मला.

ओलावा
येते. बुधवार सोडून, त्या दिवशी बंद असतं. आणि आईंसाठी घडीची खुर्ची आणा.